पहिल्या रात्रपाळीला सोबत कोण?

यंदा आमच्या धाकटीचा बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागला आणि अलहमदुलिल्लाह, ती पहिल्या वर्गात पास झाली. मोहल्ल्यात पेढे वाटून झाले. नानीनं तिची नजर उतरवली. मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज गेला आणि काही आठवड्यांनी ती नोंदणीकृत परिचारिका झाली. या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, हे आपल्यातल्या पुष्कळ घरांना अजून माहीत नसतं. पदवी हातात आली की काम झालं असं वाटतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

नोंदणी झाली आणि घरात एकच विषय सुरू झाला. नोकरी कुठे करायची?

या सदरात आम्ही दोघं नवरा-बायको दर महिन्याला घरातलंच काहीतरी लिहितो. या वेळी जे लिहितो आहोत ते पाच वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा हिंमत झाली नाही. का, ते पुढे येईलच.

धाकटीपुढे तीन नोकऱ्या होत्या. पहिली आमच्याच गावातल्या अठरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये. घरापासून चालत दहा मिनिटं, पगार १३ हजार, उद्यापासून या म्हणाले. दुसरी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात. साडेचारशे खाटा, पगार २२ हजार, त्यातून हॉस्टेल आणि जेवणाचे साडेचार हजार कापणार, शिवाय एक वर्षाचा करार. तिसरी मुंबईतल्या एका एजन्सीची. रुग्णाच्या घरी जाऊन रोज बारा तास सेवा द्यायची आणि महिना ३० हजार घ्यायचे.

एका जुम्म्याला दुपारचं जेवण झालं आणि दस्तरखानावरच मजलिस बसली. फुफी म्हणाली, "गावातली नोकरी काय वाईट आहे? मुलगी डोळ्यांसमोर राहील. रिश्तेही येतील." चाचांचा हिशेब सरळ होता. "३० हजार सोडून २२ हजार कोण घेतं? त्यातही हॉस्टेलचे कापणार!" कुवेतहून मामूचा फोन आला. "दोन वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढू दे तिला. मग इकडचं मी बघतो." दादीनं तर मुळालाच हात घातला. "रात्रपाळी म्हणजे रात्रभर मुलगी बाहेर? शाळेत नोकरी मिळत नाही का?"

धाकटी गप्प होती. आम्हीही गप्प होतो. आमच्या डोळ्यांसमोर आमची भाची उभी होती.

पाच वर्षांपूर्वी अशीच मजलिस तिच्यासाठी बसली होती. तीही बी.एस्सी. नर्सिंग झालेली, हुशार, वर्गात पुढे असणारी. त्या वेळी तिच्या अम्मीनं आमचा सल्ला विचारला आणि आम्ही मोठ्या आनंदानं तिला शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये चिकटवून दिलं. घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. आम्ही दोनच गोष्टी विचारल्या होत्या. पगार किती आणि अंतर किती. दोन्हींची उत्तरं बरी वाटली. आम्ही निश्चिंत झालो.

दहाव्या दिवशी तिला एकटीला रात्रपाळी लावली. चौदा रुग्ण, ती आणि एक आयाबाई. डॉक्टर घरी, फोनवर. पहाटे तीनच्या सुमारास उलट्या-जुलाबांनी खंगलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचा रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम फार कमी होतं. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते झोपेतून म्हणाले, "केसीएलची एक अँप्यूल दे." सलाईनमधून, हळूहळू, असं ते म्हणाले की नाही, हे तिला आजही आठवत नाही. तिनं अँप्यूल फोडली, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि बाईंच्या हातातल्या सुईशी जाऊन उभी राहिली.

आयाबाई बाजूला चादर बदलत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, हे सलाईनच्या बाटलीत टाकतात ना? आधीची सिस्टर बाटलीतच टाकायची."

भाचीचा हात जागीच थांबला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोटॅशियम क्लोराइड हे चांगलं औषध आहे आणि रुग्णालयात रोज लागतं. पण ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून, तासांच्या हिशेबानं, नाडीवर लक्ष ठेवून द्यायचं असतं. तेच औषध सिरिंजनं थेट शिरेत सोडलं तर हृदय पाहता पाहता बंद पडू शकतं. भाचीनं हे पुस्तकात वाचलं होतं, तोंडी परीक्षेत सांगितलंही होतं. पण स्वतःच्या हातानं ते औषध तिनं कधी दिलं नव्हतं. शिकत असताना वॉर्डात बेड लावले, ताप-नाडी-रक्तदाब घेतले, ड्रेसिंग केलं. असलं औषध देताना स्टाफ नर्स पुढे असायच्या आणि विद्यार्थिनी मागे. पहाटे तीन वाजता, एकटीनं, चौदा रुग्णांमध्ये, वाचलेलं सगळं वेळेवर आठवतंच असं नाही.

त्या बाई चौथ्या दिवशी बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यांना काही कळलं नाही. पण आमची भाची चाळीस दिवस कशीबशी कामाला गेली आणि मग घरी बसली. सिरिंज हातात घेतली की हात थरथरायचे. नातेवाईक म्हणाले, पोरगी नाजूक आहे. कोणी म्हणालं, चार वर्षांचे पैसे वाया गेले. तिच्या अम्मी-अब्बूंनी कर्ज काढून फी भरली होती. लाज वाटते सांगायला, पण आम्हीही तिला म्हणालो होतो की, थोडं मन घट्ट करायला हवं होतंस. आज ती एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसते. पदवीचा कागद कपाटात आहे.

खरं सांगायचं तर तिचं मन घट्टच होतं. ती वेळेवर थांबली आणि नंतर आपण होऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. दहा दिवसांच्या नव्या नर्सला चौदा रुग्णांसोबत एकटं सोडणं ही चूक होती. आणि ती नोकरी नीट न विचारता मिळवून देणं ही आमची चूक होती.

म्हणून या वेळी कोणाचं ऐकायचं हे आम्ही ठरवलं. भाचीला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर धाकटीनं तिन्ही नोकऱ्या तिच्यापुढे मांडल्या. भाचीनं पगाराचे आकडे पाहिलेसुद्धा नाहीत. दिनदर्शिकेचं जुनं पान मागितलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहून दिले. म्हणाली, "मुलाखतीत ते तुला विचारतील, तू त्यांना हे विचार. कोणी रागावलं, तर उत्तर मिळालं असं समज." तेच प्रश्न आम्ही इथे देतो. आपल्या घरात कोणी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग करत असेल, मुलगी असो की मुलगा, तर कात्री घेऊन कापून ठेवा.

पहिला प्रश्न. पहिले तीन महिने माझ्यासोबत कोण असेल? चांगल्या रुग्णालयात नव्या नर्सला सुरुवातीला काही दिवस वर्गात बसवून तिथल्या पद्धती शिकवतात. मग काही आठवडे एका अनुभवी नर्सच्या जोडीला ठेवतात. या काळात तिला स्वतंत्र रुग्ण देत नाहीत, म्हणजे पाळीतली माणसं मोजताना तिला धरत नाहीत. "आमच्याकडे काम करता करता शिकतात" एवढंच उत्तर मिळालं, तर कोण शिकवतं आणि किती दिवस, हे पुन्हा विचारा. जोडीदार नर्सचं नाव सांगता येत असेल तर ती व्यवस्था खरी आहे.

दुसरा प्रश्न. रात्री एका नर्सकडे किती रुग्ण असतात? सरकारी निकषांप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा आकडा पाळला जात नाही, हे आपल्याला कोणत्याही रुग्णालयात पाहुण्याला भेटायला गेलं तरी दिसतं. तरी प्रश्न विचारायचा. आकडा सरळ सांगतात की टोलवतात, हे पाहायचं. आणि रात्री वॉर्डात निदान एक तरी जुनी नर्स असते का, तेही विचारायचं.

तिसरा प्रश्न. मला कोणता वॉर्ड देणार? नव्या मुलींना आयसीयूची ओढ असते. नाव मोठं वाटतं. काही ठिकाणी नीट प्रशिक्षण देऊन नव्यांनाही तिथे घेतात आणि त्या छान तयार होतात. पण प्रशिक्षण नसेल तर आधी मेडिसिन किंवा सर्जरीचा वॉर्ड बरा. तिथे तऱ्हेतऱ्हेचे रुग्ण येतात. कोणाची तब्येत बिघडू लागली हे चेहऱ्यावरून ओळखायची सवय तिथेच लागते. वर्षभरात दोन-तीन वॉर्ड फिरवतात का, हेही विचारावं.

चौथा प्रश्न भाचीनं दोनदा अधोरेखित केला होता. चूक झाली तर तुम्ही काय करता? एखादं ठिकाण सांगेल, पगारातून कापतो. तिथून सलाम करून उठावं. जिथे पगार कापतात तिथे चुका लपवल्या जातात आणि लपवलेली चूक पुढच्या रुग्णाला भोवते. चांगलं ठिकाण सांगेल की आम्ही लेखी नोंद करतो, कारण शोधतो. याच प्रश्नाला जोडून विचारावं की, फोनवरच्या तोंडी सूचनेचं काय करता? ऐकलेली सूचना लिहून घेऊन डॉक्टरांना परत वाचून दाखवायची आणि त्यांनी नंतर सही करायची, ही पद्धत आहे का? केसीएल, इन्सुलिन, हेपारिन अशी जोखमीची औषधं देताना दुसऱ्या नर्सनं तपासायची पद्धत आहे का? केसीएल वेगळ्या कपाटात ठेवतात का?

आणि सुई टोचली तर? नर्सला वापरलेली सुई टोचणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस नोकरीआधीच पूर्ण झालेले असावेत. टोचल्यावर लगेच तपासणी आणि गरज पडल्यास एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करावी लागतात. ती जितकी लवकर तितकी चांगली आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत. हा खर्च कोण करतं, हे आधी विचारलेलं बरं.

पाचवा प्रश्न कागदांचा. नेमणुकीचं पत्र मिळणार का? त्यात पद, पगार, कामाचे तास आणि रजा लिहिलेल्या असतील का? करार म्हणजे बाँड असेल तर किती महिन्यांचा, आणि मधेच सोडल्यास किती पैसे भरायचे? मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार असतील तर साफ नाही म्हणायचं. मूळ कागद दाखवायचे, सत्यप्रती द्यायच्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी आणायचे. ओळखीतल्या एका मुलीला दुसरीकडे चांगली नोकरी लागली तेव्हा तिची मार्कशीट पहिल्या रुग्णालयाच्या तिजोरीत होती. ती सोडवायला तीन महिने गेले आणि ती नोकरीही गेली. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे भविष्य निर्वाह निधी कापला जायला हवा. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर राज्य कर्मचारी विम्याचीही चौकशी करावी.

सहावा प्रश्न आपल्या घरातल्या बायकांचा. रात्री ये-जा कशी करायची? हॉस्टेल आवारातच आहे की बाहेर? कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, हे मुलाखतीला गेल्यावर डोळ्यांनी पाहून यावं.

इथे दादीबद्दल लिहायला हवं. दादीची भीती आम्ही हसण्यावारी नेली नाही. तिच्या पिढीला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग आठवतात. १९७३ साली त्या नर्सवर कामाच्याच जागी हल्ला झाला आणि २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणावर होत्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात एका डॉक्टर मुलीचं रुग्णालयातच जे झालं ते दादीनं टीव्हीवर पाहिलं होतं. अशा भीतीला "काही होत नाही" हे उत्तर पुरत नाही. आम्ही दादीला एवढंच सांगितलं की, तू म्हणतेस ते सगळे प्रश्न आम्ही विचारून येऊ. आणि दुसरी गोष्टही सांगितली. चाळीसहून अधिक वर्षं शानबागबाईंना न्हाऊ-माखू घालणाऱ्या, घास भरवणाऱ्या केईएमच्या नर्सच होत्या. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, आणि त्यांनी आपल्या या बहिणीला टाकलं नाही.

दादी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या लहानपणी उस्तानीबी हजरत रुफैदांची गोष्ट सांगायच्या." मदिनेत मशिदीच्या आवारात तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अस्लमिया (रजि.) आपल्या घरांना नव्या नाहीत. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज (रजि.) यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. दादीनं गोष्ट सांगितली आणि उठता उठता म्हणाली, "पण हॉस्टेल आवारातच असलं पाहिजे." दादीची ती अट आम्ही पानावर लिहून घेतली.

स्कार्फचा आणि नमाजचा विषयही मुलाखतीतच काढावा, कामाच्या पहिल्या दिवशी नको. आम्ही ज्या मुलींना विचारलं त्यांच्यापैकी बहुतेकींना गणवेशाच्या रंगाचा, नीट पिन लावलेला स्कार्फ चालला. शस्त्रक्रियागृहात तर सगळ्यांनाच डोकं झाकावं लागतं. बाह्यांचा प्रश्न वेगळा आहे. वॉर्डात दर रुग्णागणिक हात धुवायचे असतात आणि लांब ओली बाही जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे नेते. त्यामुळे काम करताना बाह्या वर कराव्या लागतात. यावर घरात आधीच बोलून घ्यावं. नमाजसाठी दहा मिनिटं काढणं जोडीदारणीच्या मदतीनं जमतं. ईदची पाळी बदलून घ्यायची असेल तर दिवाळीची पाळी आपण आनंदानं करायची. नर्सिंगमधल्या आपल्या मुली वर्षानुवर्षं हेच करत आल्या आहेत.

हे प्रश्न घेऊन धाकटी तिन्ही नोकऱ्यांकडे पुन्हा गेली. गावातल्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी मोकळेपणानं सांगितलं, "बेटा, रात्री तू एकटीच असशील. मला फोन करायचा, मी दहा मिनिटांत येतो." माणूस भला आहे आणि त्यांचं उत्तरही प्रामाणिक होतं. दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्या नर्सला तिथे काम करणं सोपं जाईल. नवीन मुलीसाठी ती जागा नाही.

एजन्सीवाल्यांनी फोनवर सांगितलं की प्रशिक्षणाची गरज काय, पदवी आहे ना. तिथे एकच रुग्ण, वॉर्ड नाही, वरिष्ठ नाही, अडलं तर विचारायला कोणी नाही. काम वाईट नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी सेवा करणं मोठं काम आहे. पण चाचांचे ते ३० हजार अनुभवी माणसाच्या कामाचे आहेत. शिवाय मामूनं एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. आखाती देशांत जायचं तर सहसा नोंदणीनंतर किमान दोन वर्षांचा रुग्णालयातला अनुभव मागतात. अनुभवाचं पत्र खरं आहे का, हे तिथली यंत्रणा त्या रुग्णालयाला परस्पर विचारून तपासते. आणि नर्सचा पासपोर्ट कोणताही असो, त्या देशांत कामाला जाताना सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद नसलेल्या एजंटाच्या हातात पासपोर्ट आणि पैसे देणं म्हणजे दोन्हींवर पाणी सोडणं.

आपल्या देशातही अनुभव कुठला, याला किंमत आहे. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही. पण जी.एन.एम. झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. अठरा खाटांच्या ठिकाणी काढलेली दोन वर्षं तिथे मोजली जात नाहीत. जी.एन.एम. करणाऱ्या मुला-मुलींनी हे आजच लिहून ठेवावं.

राहिला पैशाचा प्रश्न. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या भरतीत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. एम्समध्ये मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. खासगी रुग्णालयांत नव्या नर्सला याच्या निम्मंही कित्येकदा मिळत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं शिफारस केली की, दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी राज्य सरकारी नर्सइतका पगार द्यावा आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही तो २० हजारांखाली नसावा. शिफारस कागदावर आहे, अंमलबजावणीची वाट आपल्या हजारो मुली पाहत आहेत. त्यामुळे कमी पगार हा न्याय आहे असं आम्ही कोणाला सांगणार नाही. आमचं म्हणणं एवढंच की पहिल्या वर्षी दोन कमी पगारांतून निवडायचं झालं, तर जिथे शिकवतात तो घ्यावा. सरकारी परीक्षांचा अभ्यासही सोबत चालू ठेवावा. धाकटीनं जाताना पुस्तकांची पिशवी नेली आहे.

पुण्याच्या मुलाखतीला आम्ही दोघंही सोबत गेलो. आत ती एकटीच गेली, आम्ही बाहेर बाकावर बसलो. मेट्रनबाईंनी तिचं दिनदर्शिकेचं पान पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी लिहून दिलं?" धाकटी म्हणाली, "माझ्या बहिणीनं. तीही नर्स आहे." बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. पंधरा दिवस वर्ग, मग अडीच महिने जोडीदार नर्स. रात्री नऊ ते दहा रुग्ण. हा आकडा जास्त आहे हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण प्रत्येक वॉर्डात रात्री एक जुनी नर्स असतेच, हेही सांगितलं. तोंडी सूचना लिहून, परत वाचून. केसीएल कुलपात. मूळ कागद परत. करार एक वर्षाचा, मधेच सोडलं तर एक महिन्याचा पगार. स्कार्फ चालेल, बाह्या कोपरापर्यंत. हॉस्टेल आवारात, हे ऐकून आम्ही बाहेरूनच दादीला फोन लावला.

निर्णय धाकटीनं घेतला. फुफी थोडे दिवस नाराज होती. चाचा अजूनही फोनवर ३० हजारांची आठवण काढतात.

साडेतीन महिन्यांनी तिची पहिली स्वतंत्र रात्रपाळी होती. रात्रभर आम्हाला झोप नव्हती. फज्रनंतर फोन आला. आवाज दमलेला होता. म्हणाली, "एका आजोबांना केसीएल द्यायचं होतं. मी आणि सिस्टर दोघींनी वाचलं, दोघींनी बाटलीवर सह्या केल्या. सहा तास चाललं. आजोबा आता चहा मागताहेत."

आम्ही हे भाचीला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं, उठली आणि कपाटातून पदवीचा आणि नोंदणीचा कागद काढून पाहू लागली. परिषदेच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तिची मुदत याच वर्षी संपते आहे. कागद परत ठेवताना तिनं विचारलं, "मामू, पुण्यात ते पाच वर्षांचा खंड पडलेल्यांना घेतात का? ते पंधरा दिवसांचे वर्ग त्यांच्यासाठीही असतात का?"

आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. पण या वेळी आम्ही सल्ला दिला नाही. मेट्रनबाईंचा फोन नंबर दिला आणि नूतनीकरणाचा अर्ज भरायला तिच्यासोबत बसलो.